ओव्हाळबाई आणि शनिवार पेठेतली पपई

ओव्हाळबाई पहिल्या दिवशी माझ्याशी एकच वाक्य बोलल्या. “तुमचे किडे माझ्या टेबलावर आले, तर मी आधी त्यांना मारीन आणि मग तुम्हाला विचारीन, हे कोणते होते म्हणून.”

मी नुकतीच नोकरीला लागले होते. पुण्यातल्या आमच्या त्या शेतकी संशोधन संस्थेत माणसांपेक्षा कपाटं जास्त होती आणि कपाटांपेक्षा खोल्या कमी. त्यामुळे कीटकशास्त्रातल्या मला आणि वनस्पतिरोग विभागातल्या डॉ. मंदाकिनी ओव्हाळ यांना एकाच खोलीत बसवलं होतं. मी मावा आणि पांढरी माशी पाळायची. त्या व्हायरस पाळायच्या. मावा पानात सोंड खुपसतो, रस चाखतो आणि पुढच्या झाडावर जाऊन तीच सोंड तिथे खुपसतो. व्हायरस त्या सोंडेवर बसून फुकट प्रवास करतो. तेव्हा आम्हा दोघींना एकत्र बसवणं शास्त्राच्या दृष्टीने अगदी योग्य होतं. साहेबांनी ते शास्त्रासाठी केलं नव्हतं, एवढंच.

बाई उंचीला बेताच्या, साडी सुती आणि कडक इस्त्रीची, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग. नव्या माणसाला ते लांबून मंगळसूत्र वाटायचं. टेलिफोन खात्यातले त्यांचे मिस्टर म्हणायचे, “वाटू द्या. तिचा जास्त जीव त्याच्यावरच आहे.”

सुंदर पानावर बाईंचा विश्वास नव्हता. हिरवं, साधं, कुणी वळून बघणार नाही असं पान असलं की त्या पुढे जायच्या. पानावर पिवळी नक्षी दिसली की थांबायच्या. एकदा त्या कर्वेनगरला माझ्या घरी आल्या. आमच्या सोसायटीतल्या सानेकाकूंनी गेटाशी एक शोभेचं झुडूप लावलं होतं, पानापानावर पिवळी जाळी असलेलं. काकू कौतुकाने म्हणाल्या, “बघा हो, किती सुंदर रंग आलाय.”

बाईंनी भिंग लावलं. म्हणाल्या, “ताप चढला की माणसाचे गालही लाल होतात. आपण त्याला सुंदर म्हणत नाही.”

सानेकाकूंनी त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

रोगट भाजी खायला मात्र बाईंची अजिबात हरकत नसे. भेंडीवर केवडा नावाचा रोग येतो, भेंडी पिवळी पडते. मंडईत अशी भेंडी कुणी घेत नाही. बाई तीच निवडून घ्यायच्या आणि डब्यात आणायच्या. मी पहिल्यांदा नाक मुरडलं तेव्हा म्हणाल्या, “रोग भेंडीला झालाय, मला नाही. व्हायरस आपल्यापेक्षा शहाणा असतो, भलत्या घरात शिरत नाही.” बुद्धपौर्णिमेला त्या मोठा डबा भरून खीर आणायच्या. सगळी संस्था ती खीर खायची, पण आधी चमच्याने ढवळून आत काही पिवळं आहे का ते बघायची. असलं तर ते केशर असायचं.

त्यांची दोन वाक्यं मी इतकी ऐकली की अजून माझ्या तोंडून जातात. पहिलं, “लक्षण म्हणजे पुरावा नव्हे.” पान पिवळं पडलं म्हणून तो व्हायरसच, असं त्या कधी मानत नसत; नत्र कमी असेल, पाणी जास्त झालं असेल. हाच नियम माणसांनाही लागू. एकदा घरच्या कटकटीने मी डोळे सुजवून ऑफिसात आले. बाईंनी वर न बघता विचारलं, “लक्षण म्हणजे पुरावा नव्हे. कांदा चिरला, की कुणी बोललं?” मी म्हटलं, “कांदा.” त्या म्हणाल्या, “बरं. कांद्याने परत काही केलं तर मला सांगा. मी येऊन त्याच्याशी बोलते.”

दुसरं वाक्य, “वाहक कोण?” व्हायरसला पाय नसतात, त्याला कुणीतरी न्यावं लागतं, तो कोण नेतो ते शोधा, एवढाच त्या वाक्याचा शास्त्रीय अर्थ. पण संस्थेत कुठलीही कुजबुज सुरू झाली की बाई शांतपणे विचारायच्या, “वाहक कोण?” आणि सांगणाऱ्याची पंचाईत व्हायची. आमच्या मजल्यावर अफवा फार टिकत नसत त्या यामुळेच.

तो काळ देशाची दारं उघडण्याचा होता. आमच्या संस्थेच्या दारातून खोकी आत आली आणि खोक्यांतून संगणक निघाले. त्यांच्यासाठी एक खोली थंड केली, बाहेर चपला काढायची पाटी लावली. जाधव नावाचा एक तरुण ऑपरेटर नेमला. काही महिन्यांत पडद्यावरची अक्षरं आपोआप खाली घसरू लागली, टाइप केलेली पत्रं नाहीशी व्हायला लागली. जाधवने वर कळवलं की संगणकात व्हायरस शिरला आहे. आमचे संचालक महाजनसाहेब कागद पूर्ण वाचणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी कागदावर शेरा मारला, ‘व्हायरस आढळल्याने संबंधित विभागाने तातडीने कार्यवाही करावी,’ आणि तो कागद ओव्हाळबाईंच्या टेबलावर आला.

आम्हाला वाटलं, बाई आता दोन खोचक ओळी लिहून तो परत पाठवतील. बाईंनी पांढरा कोट चढवला आणि चपला बाहेर काढून थंड खोलीत गेल्या.

“आधी कोण आजारी पडलं?” त्यांनी जाधवला विचारलं.

“मॅडम, हा कॉम्प्युटरचा व्हायरस आहे. तो वेगळा असतो.”

“असेल. आधी कोणता बिघडला?”

“कोपऱ्यातला.”

“मग?”

“मग त्याच्या शेजारचा. मग हिशेब विभागाचा.”

“हिशेब विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे. एवढ्या लांब हा गेला कसा? यातून त्यात काय नेता तुम्ही?”

जाधवने खिशातून फ्लॉपी काढून दाखवली.

“म्हणजे हा मावा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी संस्थेतल्या झाडून सगळ्या फ्लॉप्या गोळा करवल्या. आमच्याकडे रोग ओळखायला तंबाखूचं रोप वापरतात. संशयित रस त्याच्या पानावर चोळायचा आणि डाग उमटतो का बघायचं. बाईंनी सगळ्यांत जुना संगणक तंबाखूचं रोप म्हणून बाजूला ठेवला. जाधवने एकेक फ्लॉपी त्यात घालायची, अक्षरं घसरतात का बघायचं, दरवेळी तो संगणक पुसून कोरा करायचा आणि पुढची घालायची. जाधव सुरुवातीला हसत होता, मग कंटाळला आणि शेवटी त्यालाही चेव चढला. एका निळ्या फ्लॉपीला अक्षरं घसरली. त्या फ्लॉपीत मोटारींच्या शर्यतीचा खेळ होता, आणि ती साहेबांच्या केबिनमधून आली होती. साहेबांचे चिरंजीव रविवारी ऑफिसात येऊन खेळत असत.

बाईंनी अहवाल दिला: ‘रोगाचा वाहक आढळला. निळा. उगम संचालकांचे दालन. वाहक जाळून नष्ट करण्यास परवानगी असावी.’ साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता ‘मान्य’ लिहिलं. बाईंनी फ्लॉपी संस्थेच्या भट्टीत रोगट पानांबरोबर जाळली. साहेबांना कळलं तेव्हा मंजुरीवर त्यांचीच सही होती.

पुढे बाईंचा मुलगा सिद्धार्थ संगणकाचा इंजिनीअर झाला आणि असले व्हायरस पकडणाऱ्या कंपनीत लागला. बाई सगळ्यांना सांगायच्या, “मुलगा माझ्याच विषयात आहे.”

एकदा मात्र वाहक खुद्द बाईच निघाल्या. आमच्या संस्थेतल्या शिंदेबाईंच्या मुलीचं लग्न होतं. मंगल कार्यालयाच्या दाराशी दोन्ही बाजूंना केळीचे खुंट बांधले होते. वरात आली. नवऱ्या मुलाचे वडील घोड्याच्या पुढे फेटा सांभाळत चालत होते. दारात बघतात तो एक बाई केळीचं पान उलटं करून भिंगातून निरखतायत. ते थांबले, म्हणून मागची वरातही थांबली.

बाई त्यांच्याकडे वळून अतिशय गंभीरपणे म्हणाल्या, “रोगट आहे. तुम्हाला सांगितलं नाही का कुणी?”

वरपिता म्हणाले, “कोण?”

“ही. बघूनच कळतं. वाढ खुंटलेली आहे. आणि हे आईकडूनच येतं.”

मुलगी उंचीला जरा कमी होती. वरपित्याचा चेहरा पडला. ते मागे वळून आपल्या भावाशी बोलले, भाऊ मेव्हण्याशी बोलला, आणि घोडा जागच्या जागी उभा राहिला. आत शिंदेबाई आरतीचं ताट घेऊन वाट बघतायत, भटजी मुहूर्ताची घाई करतायत, आणि बाहेर वराकडची मंडळी गोल करून उभी. मला हा प्रकार कळेपर्यंत वरपक्षातला एक काका वधूची रक्ततपासणी मागण्यापर्यंत आला होता.

मी बाईंना गाठलं. “अहो, तुम्ही त्यांना काय सांगितलंत?”

“केळीवर पर्णगुच्छ रोग आहे हे सांगितलं. कंदातूनच येतो तो.”

“त्यांना वाटलं तुम्ही नवरीबद्दल बोलताय.”

बाई सरळ आत गेल्या, सनईवाल्याच्या पुढ्यातला माइक उचलला आणि म्हणाल्या, “नमस्कार. मी वनस्पतींच्या रोगांची डॉक्टर आहे. मुलगी उत्तम आहे. केळ आजारी आहे. मुलीची आई उत्तम आहे. केळीच्या आईबद्दल मला शंका आहे. सर्वांनी आत यावं.” लोक हसत आत आले आणि लग्न लागलं. जेवणाच्या पंगतीत वरपिता मुद्दाम बाईंच्या शेजारी येऊन बसले आणि आपल्या घरच्या डाळिंबाचं काय करावं ते विचारत राहिले.

हे सगळं चाललं असताना पुण्याच्या आसपास पपईवर रोग आला. त्याला रिंगस्पॉट म्हणतात, आणि तोही मावाच नेतो. पान आखडून चिंधीसारखं होतं, फळावर गोल गोल कडी उमटतात, झाड खुजं होतं आणि मग उरत नाही. शेतकरी पिशवीत पानं घालून आमच्याकडे यायचे. सगळ्यांत जास्त यायचे ते हिंजवडीच्या बाजूचे बाबूराव. त्यांची पपईची मोठी बाग होती आणि बागेवर त्यांचा जीव होता.

“म्याडम, औषध हाय का न्हाई?”

“नाही, बाबूराव. व्हायरसला औषध नसतं. रोगट झाडं उपटा आणि जाळा.”

“मागल्या वक्ताला बी ह्येच सांगितलं तुम्ही.”

“मागच्या वेळीही औषध नव्हतं.”

बाबूराव पानांची पिशवी परत उचलायचे आणि जायचे. ते गेले की बाई गळ्यातलं भिंग उगाचच पुसत बसायच्या. दरवेळी तेच सांगायचं त्यांच्या जिवावर यायचं, हे मला दिसत होतं. एवढ्या रोगात उभं राहणारं एखादं तरी झाड कुठेतरी असेल, हे त्यांच्या डोक्यात बसलं. ते सापडलं तर त्यापासून रोगाला न जुमानणारी जात तयार करता येईल. बाई बसच्या खिडकीतून लोकांच्या परसात डोकवायला लागल्या. येरवड्यात तुरुंगाच्या भिंतीलगत एक पपई दिसली म्हणून भिंतीला लागून उभ्या राहिल्या, तर पहाऱ्यावरच्या शिपायाने विचारलं, “आत कोण आहे तुमचं?”

अखेर ते झाड मीच दाखवलं. शनिवार पेठेत माझ्या दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवी झाले असताना खिडकीतून शेजारच्या घराचं अंगण दिसलं. मधोमध पपई. सरळ, जेमतेम माणसाच्या उंचीची, पानं छत्रीसारखी, फळं गळ्याशी दाटलेली. तोंडात कापूस असताना मी त्या डॉक्टरला पपईबद्दल विचारायचा प्रयत्न केला, तर त्याने भूल वाढवली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिथे गेलो. दार श्री. दातार यांनी उघडलं. सरकारी नोकरीतून निवृत्त, अंगात बंडी, हातात पेपर.

“जागा विकायची नाही,” ते म्हणाले. बिल्डरांची माणसं तेव्हा पेठांमधून फिरत असत.

“आम्हाला जागा नको,” बाई म्हणाल्या. “पपई बघायची आहे.”

“पपईही विकायची नाही.”

“विकत नको. नुसती बघायची आहे.”

“बघा. ती काही नाच करून दाखवणार नाही.”

बाईंनी झाड वरपासून खालपर्यंत पाहिलं. एक डाग नाही. दातारांच्या पत्नी मालतीबाई चहा घेऊन आल्या, तो गार झाला, दुसरा आला. शेवटी बाई म्हणाल्या, “दातारसाहेब, असं निरोगी झाड मी या शहरात पाहिलेलं नाही.”

दातार पहिल्यांदाच जरा सैल झाले. “आहेच ते तसं.”

“म्हणून मला त्याला रोग द्यायचा आहे.”

दातारांनी पेपराची घडी घातली. “म्हणजे आपण डॉक्टर. आपल्याला निरोगी माणूस भेटला की आपण त्याला आजारी पाडता. आपला दवाखाना कुठे आहे? म्हणजे त्या रस्त्याने जायला नको.”

बाईंनी समजावून सांगितलं. झाडात खरी ताकद असेल तर रोग देऊनही त्याला काही होणार नाही. आधी त्याच्या फळाच्या बिया नेऊ, रोपं करू, त्यांना रोग देऊन बघू. दातारांनी एक पपई दिली, तीही गर परत करण्याच्या अटीवर. आमच्या जाळीघरात रोपं झाली. त्यांना रोग दिला आणि सगळीच्या सगळी आजारी पडली.

“मग संपलं,” मी म्हणाले.

“संपलं कसं? पोरं आईवर गेली नसतील. बाप कोण आहे ते कुठे माहीत आहे आपल्याला?” हेच वाक्य बाईंनी दातारांच्या अंगणात उभं राहून मोठ्याने उच्चारलं, तेव्हा शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या.

मूळ झाडाला रोग द्यायला दातार तयार होईनात. मग बाईंनी सहज सांगितलं की झाड तगलं तर त्यापासून निघणाऱ्या जातीला नाव द्यावं लागेल, आणि नाव बहुधा मालकाचं देतात.

दातार थांबले. “दातार पपई?”

“नुसतं ‘दातार’ म्हणतात. आंब्याला नाही का म्हणत.”

“आणि हे छापून येतं?”

“येतं.”

परवानगी मिळाली. बाईंनी खलात रोगट पान वाटलं, रस बारीक रेतीसारख्या पुडीबरोबर दोन कोवळ्या पानांवर हळूच चोळला आणि पाण्याने धुतला. मग आम्ही वाट बघत राहिलो. दातार रोज सकाळी संस्थेत फोन करायचे. “अजून ठणठणीत,” एवढं म्हणून ठेवून द्यायचे. पेठेत त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. दाताचा डॉक्टर मला म्हणाला की दातारांनी ओळखीच्यांना नमस्कार करताना मान थोडी वर ठेवायला सुरुवात केली आहे. बाईही त्या दिवसांत वेगळ्याच होत्या. बाबूराव आले तर त्यांना म्हणाल्या, “जरा थांबा. एक झाड बघतेय.” इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला ‘थांबा’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मग एक दिवस फोनवर दातार निराळंच बोलले. “ओव्हाळबाई, सवड असेल तर येऊन जा.”

आम्ही गेलो. शेंड्याच्या पानावर पिवळी जाळी उमटली होती. बाईंनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. सांगायची गरज नव्हती. त्या झाडाखालच्या कपडे धुण्याच्या दगडावर बसल्या.

“झाडात ताकद नव्हती,” त्या म्हणाल्या. “मग इतके दिवस हे वाचलं कसं?”

तेवढ्यात मालतीबाई पिळलेल्या कपड्यांची बादली घेऊन बाहेर आल्या. पहिल्या खेपेला कपडे अजून दोरीवर चढले नव्हते, आणि पुढे आम्ही येणार म्हटलं की दातार पाहुण्यांसमोर नको म्हणून अंगणातलं वाळवण काढून ठेवायला लावत असत. त्या दिवशी कुणाला त्याचं भान नव्हतं. “जरा बसल्या जागी राहा हं,” असं म्हणून मालतीबाईंनी झाडाच्या चारही बाजूंच्या दोऱ्यांवर कपडे घालायला सुरुवात केली. दोन नऊवारी, तीन पाचवारी, धोतर, चादरी. बघता बघता पपई दिसेनाशी झाली आणि दगडावर बसलेल्या ओव्हाळबाईही.

थोड्या वेळाने साडीमागून बाईंनी मला हाक मारली. “गद्रेबाई, मी दिसते का तुम्हाला?”

“नाही.”

“आत यायचं झालं तर वाट आहे?”

“साडी बाजूला करावी लागेल.”

“मावा साडी बाजूला करतो का?”

मी कीटकशास्त्रज्ञ. मावा उडतो तो वाऱ्याच्या भरवशावर, जेमतेम. पपईवर तो वस्तीही करत नाही, वाटेत लागली तर चाखून पुढे जातो. समोर ओली साडी आडवी आली तर तो साडीवरच बसून राहील. मी तसं म्हणाले. मग दोन पाचवारींच्या फटीतून बाईंचं डोकं बाहेर आलं.

“मालतीबाई, हे असं तुम्ही रोज करता?”

“मग कपडे वाळवायचे कुठे?” मालतीबाई म्हणाल्या.

कोडं सुटलं, पण झाड तोडावं लागणार होतं. ते ठेवलं असतं तर त्याच्यावरून रोग आणखी पसरला असता. बाई दातारांपुढे उभ्या राहिल्या.

“निरोगी झाड होतं,” दातार म्हणाले.

“हो. मी आजारी पाडलं.”

तुमची परवानगी होती, असं त्या म्हणाल्या नाहीत. दातारांनी झाडाच्या खोडावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, “कोयता माळ्यावर आहे. काढून देतो. आणि सरळ तोडा. वेडंवाकडं नको.”

वाटेत रोग सांडू नये म्हणून शेंड्याचा सगळा भाग माझ्या किड्यांच्या पिंजऱ्यांसाठी आणलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळला, सुतळीने बांधला आणि रिक्षात आडवा ठेवला. तो दोन्ही बाजूंनी बाहेर आला. आम्ही दोघी अंग चोरून बसलो. मागून स्कूटरवर दातार आले, कारण त्यांना झाड जाळताना बघायचं होतं. पेठेतून जाताना रस्त्यावरचे लोक थांबून हात जोडू लागले. चौकात हवालदाराने रिक्षा अडवली.

“काय आहे हे?”

“पेशंट,” बाई म्हणाल्या.

“काय झालं होतं?”

“व्हायरस.”

हवालदार मागे सरला. “कुठे नेताय?”

“जाळायला.”

“आणि घरचं माणूस?”

बाईंनी मागे बोट केलं. दातारांचा चेहरा त्या घडीला नेमका जसा हवा तसाच होता. हवालदाराने टोपी काढली, शिट्टी वाजवली आणि चारही बाजूंची वाहनं थांबवून आम्हाला वाट करून दिली. रिक्षावाल्याने संस्थेपर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही, आणि पोचल्यावर परतीच्या वाटेने घरी जाऊन आंघोळ करतो म्हणाला.

त्यानंतर बाईंनी बाबूरावांना निरोप धाडला. औषध नाही, पण जुन्या साड्या गोळा करा. बाबूरावांना आधी वाटलं, म्याडमचं डोकं फिरलं. पण घरच्या, भावकीच्या, सुनांच्या माहेरच्या साड्या आल्या आणि नव्या लावलेल्या बागेभोवती बांबू रोवून बांधल्या गेल्या. बागेवरून तेव्हा कंपन्यांच्या बसगाड्या जायला लागल्या होत्या. जांभळ्या, पोपटी, जरीच्या साड्या वाऱ्यावर हलताना बघून मुली उतरायच्या आणि बांधावरून विचारायच्या, “काका, एक्झिबिशन कधीपर्यंत आहे?” बाबूराव वैतागून म्हणायचे, “ह्ये इकायला न्हाई. झाडं नेसल्यात.” एका मुलीने तरीही दोन इरकली घासाघीस करून नेल्याच, आणि त्या बाजूची झाडं आधी आजारी पडली. बाई त्यावर खूष झाल्या. म्हणाल्या, “आता हा पुरावा.” बाकीच्या बागेत रोग आला तो बराच उशिरा, आणि तोवर बाबूरावांच्या पहिल्या फळांचे ट्रक भरून गेले होते. ते पपयांची पाटी घेऊन आमच्या खोलीत आले, ती बाईंच्या टेबलावर ठेवली आणि पहिल्यांदाच काही न विचारता गेले. पुढे तिथे काचेची इमारत झाली आणि बाबूराव त्या इमारतीला पाणी पुरवू लागले, पण तो पीक हाती आलेला हंगाम त्यांचा झाला तो झालाच.

बाईंनी या पद्धतीची छोटी पत्रिका छापली. तिचं नाव होतं ‘सौ. मालतीबाई दातार पद्धत’. दातार ती हातात घेऊन आमच्या खोलीत आले.

“झाड माझं होतं,” ते म्हणाले.

“झाड गेलं, दातारसाहेब. साड्या त्यांच्या होत्या.”

“धोतर माझं होतं.”

बाईंनी विचार केला. पुढच्या आवृत्तीत, पत्रिकेच्या तळाला, बारीक टाइपात एक ओळ आली: ‘धोतरही चालते.’ दातारांनी तिच्या प्रती पेठेत स्वतः वाटल्या.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा संगणकाची एक खोली वाढून पाच झाल्या होत्या, आणि बाईंच्या जाळीघराची जागा सहाव्या खोलीसाठी ठरली होती. व्हायरस बाटलीत भरून ठेवता येत नव्हता आमच्याकडे. तो जिवंत ठेवायला झाड जिवंत लागायचं. बाईंनी सबंध नोकरीभर एकेक रोग एका रोपावरून दुसऱ्या रोपावर देत सांभाळला होता. रविवारी, दिवाळीत, मुलाच्या परीक्षेतही येऊन रोपांना पाणी घातलं होतं. नव्या साहेबांना ते पुढे सांभाळायला माणूस देता येणार नव्हता. तेव्हा निरोपाच्या चहानंतर आम्ही दोघी जाळीघरात गेलो. बाईंनी सवयीने झारी भरली आणि एका टोकाकडून सगळ्या रोपांना पाणी घातलं. शेवटच्या कुंडीपाशी पोचल्यावर त्या थांबल्या, स्वतःशीच म्हणाल्या, “हे काय करतेय मी,” आणि परत पहिल्या कुंडीकडे जाऊन एकेक रोप उपटू लागल्या. मी उपटलेली रोपं भट्टीच्या डब्यात टाकत होते. सगळं झाल्यावर त्यांनी एक रिकामी कुंडी उचलली, पदराने पुसली आणि म्हणाल्या, “ही नेते. हिचा हिशेब कुणी मागितला तर मला फोन करायला सांगा.”

मी त्यांना येरवड्याच्या बसपर्यंत पोचवायला गेले. बस भरलेली होती, पण खिडकीशी एक जागा मिळाली. बाई मांडीवर कुंडी घेऊन बसल्या. शेजारी एक सफारीतले गृहस्थ होते. मी खाली फुटपाथवर उभी. ड्रायव्हर चहा संपवत होता. ते गृहस्थ कुंडीकडे बघून सौजन्याने हसले आणि काहीतरी म्हणाले. काय लावणार, असंच विचारलं असणार. बाईंनी त्यांच्याकडे वळून उत्तर दिलं. मला ऐकू आलं नाही, पण बाई व्हायरसबद्दल सांगायच्या तशाच सविस्तर, हाताची बोटं हलवत सांगत होत्या. गृहस्थांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी आपली बॅग छातीशी धरली, उठले आणि पुढे जाऊन दांडी धरून उभे राहिले.

बाईंनी रिकाम्या जागेकडे पाहिलं, कुंडी तिथे ठेवली, तिला एक हात लावला आणि आरामात टेकून बसल्या. बस सुटली.